वरकड

सोमवारी किल्ली द्यायचीय.
ऑफिसातले पागेदार दोनदा येऊन गेले
डेड स्टॉकचं रजिस्टर काखेत घेऊन:
कपाट एक, खुर्च्या तीन, पंखा एक, चालू.
‘एवढंच तुमच्या नावावर, मॅडम.’
घुमटातली कबुतरं कोणाच्याच नावावर नाहीत.

खालच्या कप्प्यात प्रबंध.
गोरव्याच्या बंद पडलेल्या काचकारखान्यावर, दोन खंड.
वाळवीने परिशिष्टं आधी खाल्ली,
पगाराच्या चिठ्ठ्या, भट्टीवरच्यांच्या मुलाखती,
सायकलवरून फिरून गोळा केलेलं सगळं.
सिद्धान्ताच्या प्रकरणाला तोंडही लावलं नाही.
तिलाही कळत असणार, कस कशात आहे.

शिकवायला लागले तेव्हा
पुस्तकं इंग्रजीत, बाकं गुजरातीत,
आणि माझं अडखळणं मराठीत.
‘सरप्लस’ला शब्द शोधत होते, तो घरीच निघाला,
आईच्या जमाखर्चाच्या वहीत, महिन्याच्या तळाशी:
वरकड, साडेतीन रुपये.
त्यात तिच्या बांगड्या, माझी शाई,
आणि बाबांना सांगायचं नसलेलं बरंच काही.

पहिल्याच जुलैत मी
दारावरून जाणाऱ्या खुमानला आत बोलावलं.
छोटाउदेपूरकडचा, मिसरूडही न फुटलेला, हातात किटली.
‘ही बघा. एका किटलीत चाळीस पेले.
दूध, साखर, गॅस वजा करा. खुमानची मजुरी वजा करा.
उरलं ते कोणाचं?’
फळ्यावर उत्तर आलं, पोरं खूष झाली.
पुढच्या जुलैला नवी पोरं, तीच किटली.
सहा वर्षं. खुमानला मिशी आली,
आकडे मी दुधाच्या भावाप्रमाणे बदलत गेले.

सहाव्या वर्षी तास संपल्यावर तो गेलाच नाही.
‘बेन, मारा केटला थया?’
माझे किती निघतात, एवढंच. अगदी हळू,
जणू मीच गल्ल्यावर बसलेय.
मी म्हटलं, अरे, उदाहरण आहे ते.
मान डोलावली त्याने. पेले मोजले.
अडतीस.
दोन कमी. ते त्याच्याच पगारातून कापणार होते,
नेहमीच कापत असत, पेल्याला सव्वा रुपया,
आणि माझ्या फळ्यावर ही ओळ कधीच नव्हती.

ती ओळ मी निबंधात घातली.
निबंध दिल्लीत वाचला, टाळ्या मिळाल्या, छापून आला,
त्यावर मी रीडर झाले.
खुमानला दाखवायचा राहिला. इंग्रजीत होता, म्हणून.
असं मी स्वतःला सांगायचे.

विद्यार्थी म्हणाल, तर एक मामलतदार,
एक मांजलपुरात विमा विकते,
एक नगरसेवक. भर मंडपात वाकून ‘माझ्या गुरू’ म्हणतो.
सत्ता म्हणजे काय, या प्रश्नापुढे
त्याने कोरं पान सोडलं होतं.
मी शून्य दिलं. आता वाटतं, घाई केली.

आज कपाट ओढलं तर मागे दोन पेले.
जाड काचेचे. एकात खडूचे तुकडे,
एकात वाळलेल्या रिफिली.
माझंच काम. कधी ठेवले, आठवत नाही,
त्याच वर्षीचे का, तेही नाही.
पागेदारांनी उलटे करून पाहिले, नंबर नव्हता.
‘हे आपल्या यादीत नाहीत. वरकड दिसतात.’
कँटीनचा तो जुना कंत्राटदार कुठे असतो हो?
‘वारला. आता मशीन आहे, कागदी कप.’
आणि त्याच्याकडचा पोरगा?
पागेदारांनी रजिस्टर मिटलं.
‘कुठला पोरगा, मॅडम?’